मदत हवी आहे: ‘नादेसिको’ मालिकेनंतरचा चित्रपट कसा पाहावा?

नमस्कार. ‘मार्शन सक्सेसर नादेसिको’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका आणि तिच्यानंतरचा ‘द प्रिन्स ऑफ डार्कनेस’ हा चित्रपट, दोन्ही ज्यांनी पाहिले आहेत त्यांच्याकडून मला मार्गदर्शन हवे आहे. पुढे दोन्हींचे कथानक उघड होते, त्यामुळे ज्यांना अजून पाहायचे आहे त्यांनी कृपया इथेच थांबावे.

झेबेक स्टुडिओची ही २६ भागांची मालिका १९९६-९७ मधली, दिग्दर्शक तात्सुओ सातो. लढण्याची मुळीच इच्छा नसलेला स्वयंपाकी अकितो, भर लढाईत त्याच्यावरच्या प्रेमाच्या गोष्टी करणारी ‘नादेसिको’ या लढाऊ अंतराळजहाजाची कॅप्टन युरिका आणि या सगळ्यांना शांतपणे ‘मूर्ख’ म्हणणारी अकरा वर्षांची रुरी, यांच्यामुळे मालिका सतत हसवत राहते. त्यातली मला सर्वांत आवडलेली कल्पना म्हणजे ‘गेकिगांगर ३’ ही मालिकेच्या आतली कार्टून मालिका. सत्तरच्या दशकातल्या महाकाय रोबोंच्या मालिकांची ही प्रेमळ नक्कल. अकितो आणि त्याचे सहकारी ती भान हरपून पाहतात, आणि पुढे कळते की ज्यांच्याशी युद्ध चालू आहे ते गुरू ग्रहाकडचे लोकही तिलाच धर्मग्रंथासारखे मानतात. आपण न्यायाच्या बाजूने आहोत हा दोन्ही पक्षांचा विश्वास एकाच कार्टूनवर पोसलेला असतो, आणि हसता हसता ही गोष्ट मनाला लागते.

त्यामुळे गांभीर्यालाच माझा विरोध आहे असे कृपया समजू नये. तिसऱ्याच भागात गाय दाइगोजी हा अकितोचा सहकारी पायलट मरतो, तोही रणांगणावर नव्हे तर जहाजातच गोळी लागून, आणि तरीही पुढच्या भागांतला विनोद खोटा वाटत नाही.

ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या चित्रपटात मात्र हा तोल पार बिघडला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कथा मालिकेनंतर सुमारे तीन वर्षांनी सुरू होते. मधल्या काळात अकितो आणि युरिकाचे लग्न झाले, त्यांचे अपहरण झाले, अकितोवर प्रयोग होऊन त्याची चव घेण्याची शक्ती गेली. आणि यातले जवळजवळ काहीही आपण घडताना पाहत नाही, ते ओझरत्या उल्लेखांतून जुळवावे लागते. दफनभूमीत अकितो रुरीला आपल्या रामेनची (जपानी नूडल्स-सूपची) पाककृती लिहिलेला कागद देतो, तो प्रसंग खरोखर चांगला आहे, कारण आता स्वयंपाक करता न येणाऱ्या स्वयंपाक्याचे सगळे दुःख त्यात येते. पण ते लग्न, तो संसार, ती रामेन विकण्याची धडपड आधी दाखवली असती तर हे दुःख आपले वाटले असते. जेमतेम ८० मिनिटांत नवे शत्रू, नवी जहाजे आणि जुन्या सगळ्या पात्रांची हजेरी बसवल्यामुळे काळ्या वेशातला अकितो मला अखेरपर्यंत परकाच राहिला. युरिकाला तर बोलायलाही फारसे मिळत नाही. शेवटी ती सुटते, अकितो तिला न भेटताच निघून जातो आणि चित्रपट संपतो.

असे असूनही या चित्रपटाला १९९९ मध्ये जपानचा विज्ञानकथांसाठीचा सेइउन पुरस्कार मिळाला, म्हणजे त्यात अनेकांना काहीतरी मोलाचे दिसले असणार, आणि ते मला समजून घ्यायचे आहे.

मधल्या तीन वर्षांची कथा सेगा सॅटर्न या गेम कन्सोलवरच्या एका गेममध्ये आहे; तो फक्त जपानीत निघाला. तो कुणी खेळला असेल किंवा त्याचा विश्वासार्ह सविस्तर सारांश वाचला असेल, तर त्यातले लग्नाआधीचे दिवस कळल्यावर चित्रपट अधिक भिडतो का, हे कृपया सांगावे. चित्रपटानंतरची कथा सेगाच्याच ड्रीमकास्ट कन्सोलवरच्या १९९९ च्या गेममध्ये आहे. अकितो आणि युरिकाचे पुढे काय होते याचे समाधानकारक उत्तर त्यात मिळते का?

माझ्या धाकट्या भावाची मालिका आता संपत आली आहे, गाय गेला तेव्हा तो दोन दिवस खट्टू होता, आणि चित्रपटाची चौकशी त्याने आत्ताच सुरू केली आहे. त्याला आधी मधल्या वर्षांची कथा सांगावी, चित्रपट तसाच दाखवावा, की सव्विसाव्या भागावरच थांबवावे? ज्यांनी आपल्या घरी किंवा मित्रांना हे दोन्ही दाखवले आहे, त्यांनी कोणता क्रम ठेवला आणि पाहणाऱ्यांची प्रतिक्रिया काय होती, ते सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.