गिंप : दोन पडद्यांची मांडणी लक्षात कशी ठेवावी?

विंडोज ११ वर गिंप २.१० हे चित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर वापरताना मी एक-खिडकी पद्धत बंद करून चित्र २४ इंची बाहेरच्या मॉनिटरवर आणि थर, ब्रश व रंगांचे फलक लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवतो. घरी आल्यावर मॉनिटर नसतो. तेव्हा सगळे फलक एकाच पडद्यावर दाटीवाटीने आवरावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मांडामांड.

बाहेर पडताना खिडक्यांच्या जागा जतन करण्याचा आणि त्या पूर्वीच्याच मॉनिटरवर उघडण्याचा, असे दोन्ही पर्याय चालू आहेत. पण जतन होते ती फक्त शेवटची मांडणी. टॅब कळीने फलक लपतात, एवढाच काय तो दिलासा. दुसरे सॉफ्टवेअर घेणे शक्य नाही.

ही मांडणी ‘सेशनआरसी’ फाइलमध्ये साठते. तर घरासाठी व कार्यालयासाठी तिच्या दोन वेगळ्या प्रती ठेवून गिंप सुरू करतानाच हवी ती निवडता येईल का?