मदत हवी आहे: आईच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन, रक्ताच्या रिपोर्टवर किती भिस्त ठेवायची? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आई ६३ वर्षांची. २०१८ मध्ये स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन, केमो, मग रोजची हार्मोनची गोळी. सहा वर्षं चांगली गेली. दिवाळीनंतर उजवी मांडी दुखायला लागली. आम्ही सांधेदुखी समजून महिनाभर तेल चोळत बसलो, याची बोच अजून जात नाही. पेट स्कॅनमध्ये खुब्याच्या जरा खाली हाड दोन-तृतीयांशाहून जास्त पोखरलेलं निघालं, कमरेच्या दोन मणक्यांतही डाग आहेत. फुप्फुसं आणि लिव्हर स्वच्छ आहेत.

आता ती दिवाणाच्या कडेवर बसते, दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलून गादीवर ठेवते आणि मग श्वास सोडते. दिवसाचा बराच वेळ पडूनच.

हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून मिरेल्स स्कोअर (हाड मोडायचा धोका मोजायची पद्धत) १२ पैकी १२ सांगितला. जागा, दुखणं, हाडाची झीज आणि तिचा आकार, चारही गोष्टींचे पूर्ण गुण. ९ किंवा जास्त झाला की हाड मोडायच्या आधीच आधार द्यावा, असं ते म्हणाले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्ताच्या रिपोर्टचा कागद उलटापालटा केला आणि म्हणाले, "हे आकडे चांगले नाहीत. हातात किती वेळ आहे ते आधी बघा. रेडिएशन घ्या, पाय जपा." पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

तेव्हापासून मी रात्री जागून वाचतेय. कातागिरी स्कोअर म्हणून एक पद्धत आहे, कॅन्सर हाडात पसरलेला रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज बांधायची. जपानमधल्या शिझुओकाच्या डॉक्टरांची, २०१४ ची सुधारित, ८०८ रुग्णांवर बेतलेली. मूळ कॅन्सर कुठला, तो इतर अवयवांत गेलाय का, किती हाडांत आहे, आधी केमो झाली का, रुग्ण कितपत हिंडूफिरू शकतो आणि रक्त, अशा सहा गोष्टींचे गुण. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं) ०.४ किंवा जास्त, एलडीएच (पेशी मोडल्या की वाढणारं) २५० किंवा जास्त, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३.७ हून कमी, यातलं काहीही असलं तर १ गुण. प्लेटलेट एक लाखाखाली, कॅल्शियम १०.३ किंवा जास्त, बिलिरुबिन १.४ किंवा जास्त, यातलं काहीही असलं तर २. एकूण ३ किंवा कमी असेल तर वर्षभर जगणारे सुमारे ९१ टक्के, ४ ते ६ ला ४९, आणि ७ किंवा जास्तला ६ टक्के.

आईचे आकडे: हिमोग्लोबिन ९.६, प्लेटलेट २.४ लाख, अल्ब्युमिन ३.५, एलडीएच २३१, कॅल्शियम ९.४, बिलिरुबिन नॉर्मल. सीआरपी ४२ बघून माझे हातपाय गळाले होते. मग लक्षात आलं की आपली लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते आणि तो स्कोअर डेसिलिटरमध्ये आहे, म्हणजे तिचं ४.२. तरी मर्यादेच्या दसपट.

हार्मोनवर चालणारा स्तनाचा कॅन्सर म्हणून मूळ जागेचा शून्य. एकाहून जास्त हाडं १, केमो १, अंथरुणाला खिळल्याचा १, रक्ताचा १. बेरीज ४. एका गुणाने ती ९१ मधून ४९ मध्ये जाते.

माझा जीव इथेच अडकलाय. रक्त घेतलं त्या आठवड्यात तिला लघवीचं इन्फेक्शन होतं, ताप होता, जेवण जवळजवळ बंद. मग तो एक गुण कॅन्सरचा की तापाचा? आणि अंथरुणाचा गुण तर या पायामुळेच. पायाला आधार मिळाला तर तोही जाईल ना? ज्या दुखण्यासाठी ऑपरेशन, त्याच दुखण्याचे गुण मोजून ऑपरेशन नको म्हणायचं, हे मला पटत नाही.

या लाइनमधलं कोणी असेल तर सांगा: रक्त पुन्हा तपासावं का, आणि कधी? मुंबईला टाटाला नेण्याइतकी ती बसू शकत नाही, फाइल पाठवून सल्ला घेतलेलं कोणी आहे का?

आई म्हणते, "मले दुसरं काही नको, बस माह्या पायानं बाथरूमले जाता आलं पाहिजे."

प्रतिसाद

ताई, मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, तेव्हा फक्त रक्ताबद्दल सांगतो. इन्फेक्शन आटोक्यात आलं की सीआरपी काही दिवसांत उतरतो, त्याचा अर्धा भाग साधारण १९ तासांत जातो. अल्ब्युमिनला मात्र अर्धं व्हायला वीसेक दिवस लागतात, म्हणून आठवड्यात ते वर आलं नाही तर घाबरू नका. ताप आणि उपासमारीतही ते खाली येतं. नमुना हिमोलाइज झाला, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटल्या, तर एलडीएच उगाच वाढतो, त्यामुळे रिपोर्टवर तशी नोंद आहे का बघा. डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टिरॉइड) चालू आहे का? स्टिरॉइडने पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. त्या दोघांचं गुणोत्तर कोणी भविष्य म्हणून सांगितलं तर ही गोष्ट आधी सांगा.

प्रतिसाद

माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्हाला समजावलं होतं ते असं: या आकड्यांचा खरा उपयोग ऑपरेशन करायचं की नाही यापेक्षा कोणतं करायचं हे ठरवायला होतो. वेळ कमी वाटला तर हाडात रॉड घालतात, लवकर उभं करता येतं. वर्षानुवर्षं जगायची शक्यता असेल तर रॉड थकून मोडू शकतो, मग कृत्रिम खुब्याचा विचार करतात. डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा. आणि तोवर आईला एकटीला उठू देऊ नका, हाड मोडल्यावरचं ऑपरेशन फार जड जातं.

धागाकर्ती

दादा, डेक्सा चालू आहे, दहा दिवस झाले. हे कोणीच विचारलं नव्हतं. ताप जाऊन चार दिवस झालेत, सोमवारी सकाळी पुन्हा रक्त देतोय. हाडाच्या डॉक्टरांना आज फोन करून "रॉड की खुबा" विचारलं, तर त्यांनी पहिल्यांदाच वीस मिनिटं बोलून समजावलं. वॉकर आणलाय, रात्री मी तिच्याच खोलीत झोपते. रिपोर्ट आले की इथेच टाकते.