अनुभव सांगा: चालू गाडी देऊन जास्त ताकदीची घ्यावी का?

फुलेवाडीकर

मंडळी, गेले सहा महिने एकच विषय डोक्यात फिरालाय, म्हटलं धागाच काढू. माझ्याकडं होंडाची युनिकॉर्न १५० बाईक आहे, २०१७ ची, ७१ हजार किलोमीटर झालेत. राहायला फुलेवाडी, कामाला गोकुळ शिरगाव एमआयडीसी, रोजचं जाऊन येऊन पंचवीसेक किलोमीटर. तेवढ्याला गाडी अजून राजा आहे, एक शब्द तक्रार नाही.

तक्रार आहे ती महिन्यातनं एकदा. सासुरवाडी कणकवलीला, राधानगरी, दाजीपूर करून फोंडा घाट. उतरताना कोण विचारत नाही, पण परत येताना मागं बायको, मधी साडेतीन वर्षाची पोरगी, पिशवीत सासूबाईंनी कोंबलेले नारळ आणि कोकम, आणि घाट लागला की चौथ्यातनं तिसरा, तिसऱ्यातनं दुसरा, दुसऱ्यात इंजिन बोंबलालंय आणि काटा तीसच्या वर जाईना. गेल्या महिन्यात मागनं एसटी आली, दोन हॉर्न मारले आणि गेली की पुढं. एसटी! आणि शेवटच्या खिडकीत एक म्हातारी होती ती माझ्याकडं असं बघत गेली की जणू मी गाडी ढकलतच न्यालोय. ते काय डोक्यातनं जाईना झालंय.

तर आता ३५० सीसीची घ्यावी का ४०० ची घ्यावी का गप्प बसावं? ज्यांनी लहान गाडी देऊन मोठी घेतलीय त्यांनी खरं काय ते सांगा. शोरूमवाल्यासारखं नको, ते ऐकून झालंय.

मंगळवार पेठेतला जुना खोंड

भावा मी पन्नाशी पार केल्याला माणूस, माझं ऐक. कॉलेजात असताना यामाहाची आरएक्स १०० होती. ९८ सीसी, टू स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. मिरजकर तिकटीला आवाज आला की आमची आई चहा टाकायची, एवढा टायमिंग. लग्न झालं, गाडी विकली (त्यावर बोलाय नको, आजपण पोटात दुखतंय, आता तीच गाडी काय किमतीला मागत्यात ते तुमास्नी म्हाईतच हाय), मधी बरीच वर्षं स्प्लेंडर, आणि आता रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०.

लोक ३५० म्हटलं की लई ताकद समजत्यात. जरा गणित कर की. क्लासिकला २० हॉर्सपॉवर आणि वजन १९५ किलो. म्हंजे आरएक्सच्या मानानं ताकद दुप्पट आणि वजनबी दुप्पटच, रिकाम्या दोन्ही गाड्या बघितल्या तर किलोमागं ताकद सारखीच पडती. फरक कवा पडतोय, तर वर माणसं बसल्यावर. शंभर किलोच्या गाडीवर दीडशे किलो चढवलं की ओझं अडीचपट झालं, १९५ च्या गाडीवर तेवढीच माणसं बसली तर पावणेदोनपट. म्हणून एकट्यानं रंकाळ्याला फेरी मारायला मोठी गाडी घेऊन काय उपेग न्हाई, तिथं आरएक्सचाच नाद खुळा. पण बायको पोरगी नारळ असा समदा संसार घेऊन घाट चढायचा तर जड गाडीला त्याचं काय वाटत न्हाई. तुझं काम दुसऱ्या प्रकारातलं हाय, तवा घे.

राजारामपुरीतला

उलटा अनुभव सांगतो. २०२३ ला मी १६० देऊन ४०० च्या वर्गातली घेतली, कंपनीचं नाव घेत नाही, गाडी वाईट नव्हती, मी चुकीचा होतो. चाळीसच्या वर हॉर्सपॉवर. पहिल्या आठवड्यात रात्री अकराला हायवेला तावडे हॉटेलपासनं कागलपर्यंत नेली आणि हेल्मेटच्या आत एकटाच हसालोय, असलं सुख. पण तो पहिला आठवडा हो.

त्यानंतर रोजचं काय? राजारामपुरीतनं शाहूपुरी, शाहूपुरीतनं लक्ष्मीपुरी. कोल्हापूर केवढंय, गाडी गरम व्हायच्या आत माणूस पोचतोय. आणि महाद्वार रोडला दिवाळीच्या गर्दीत अडकलात तर गाडी गरम होती ती अशी की फॅन सुरू होऊन सगळी हवा मांडीवर, जीन्स असून भाजालंय. पहिला दुसरा, पहिला दुसरा, क्लच धरून डावा हात गेला.

खर्च ऐका. घेताना पाच वर्षाचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो, ३५० सीसीच्या वर गेलात की तेव्हा तो १५,११७ होता, १५० ते ३५० मध्ये ७,३६५. म्हणजे ३४९ आणि ३९९ मधल्या पन्नास सीसीला डबल पैसे, वर टॅक्स वेगळाच. मागचा टायर १५० सेक्शनचा (म्हणजे १५० मिलिमीटर रुंद) रेडियल, माझा १३ हजार किलोमीटरला गुळगुळीत. शोरूममध्ये यातलं एक अक्षर कोण बोललं नव्हतं, तिथं फक्त ईएमआय किती बसतो ते सांगत्यात. चौदा महिन्यात विकली. घेणारा पोरगा इचलकरंजीचा होता, तो पण हेल्मेटच्या आत हसतच गेला असणार.

गगनबावडा रोडवरचा मास्तर

माझी शाळा गगनबावडा तालुक्यात, रोज ४५ जाणं ४५ येणं. आधी १२५ होती, आता ३५०. मी समाधानी आहे पण ते ताकदीमुळं नाही हे आधी सांगतो. कळे, साळवण करून जाताना ट्रक शेजारनं गेला की जुनी गाडी हलायची, ही हलत नाही. पाठ दुखायची थांबली. पावसात टायर रस्त्याला धरून असतो. बाकी वेग म्हणाल तर पूर्वीपण ५५-६० नं जायचो, आतापण तसाच जातो.

हिशोब मात्र वहीत लिहून ठेवलाय. १२५ ला ५८ चं मायलेज मिळायचं, हिला ३४. महिन्याला साधारण दोन हजार किलोमीटर, म्हणजे चोवीस-पंचवीस लिटर जास्त, आणि पेट्रोल शंभरीच्या वर, तेव्हा अडीच हजार रुपये महिन्याला जास्त जातात. ते तयारी ठेवूनच घेतली.

एक शहाणपणा केला, थांबलो. २२ सप्टेंबर २०२५ पासनं ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ टक्क्यांवर आला. आमच्याच स्टाफमधला एकजण ६५० बघत होता, त्याची उलटी गंमत झाली, ३५० च्या वर सेससकट ३१ होता तो सरळ ४० झाला. तो अजून बघतोच आहे. दुसरं म्हणजे जुनी एक्स्चेंजला देताना विम्याचा नो क्लेम बोनस सोडू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत नव्या गाडीच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममधनं कमी होतो. विमा कंपनीकडनं लेखी घ्यायचं, शोरूमवाला स्वतःहून बोलत नाही.

आणि जुलैत मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की सगळ्या गाड्या सारख्याच, तिथं २० हॉर्सपॉवर काय आणि ४० काय.

ताराबाई पार्क

बायकांचा पण अनुभव असूदे एक. मी ११० ची स्कूटर देऊन सरळ ३५० घेतली, मधलं काहीच नाही. उंची पाच फूट दोन इंच. घरात सगळे म्हणाले झेपणार नाही, त्यात माझे दीर सगळ्यात पुढे, आता तेच रविवारी "वहिनी, चावी कुठंय" म्हणत येतात.

ताकद हा प्रश्नच नसतो हो, थ्रॉटल आपल्या हातात असतो. प्रश्न वजन, आणि ते पण गाडी चालू असताना नाही, बंद असताना. शेंडा पार्कच्या मोकळ्या माळावर पंधरा दिवस मिस्टरांना मागे उभं करून नुसती ढकलायची, वळवायची, स्टँडला लावायची प्रॅक्टिस केली, चालवायला एका दिवसात आली. तरी पन्हाळ्याला फजिती झालीच. गाडी उताराला तोंड करून लावली, मिसळ खाल्ली, येऊन बघते तर पुढे भिंत आणि मागे चढ. बाईकला रिव्हर्स नसतो हे तोपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं! १९५ किलो चढावर मागे ओढायचे, बोटं टेकतायत पण टाच टेकत नाही. बाजूचा एक काका म्हणाला, "काढून देऊ का पोरी?" मला इतकी लाज वाटली की नको म्हणाले आणि दहा मिनिटं घाम गाळला, मग त्यालाच हाक मारली. तेव्हापासनं कुठंही लावताना आधी बघते की निघायचं कसं, मग लावते. मागचं चाक उताराच्या खालच्या बाजूला, म्हणजे गाडी आपसूक मागे येते.

तर भाऊ, टेस्ट राईडला नुसती चालवू नका, बंद करून पार्किंगमधनं काढून बघा. वहिनींना पण मागे बसवून बघा, कितीतरी गाड्यांची मागची सीट शोभेचीच असते.

उद्यमनगर

सगळे नवीन गाडीवर बोलालेत, जुनीला कोणी विचारलंच न्हाई. वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून सांगतो. दीडशेची गाडी ७१ हजारावर घाटात दुसऱ्यात बोंबलतीय म्हणजे ताकद कमी पडलीय असं धरून चालू नको, ताकद चाकापर्यंत पोचती का ते आधी बघ.

सपाट मोकळा रस्ता बघ, चौथ्या गिअरला चाळीसवर चालव आणि एकदम पूर्ण थ्रॉटल दे. आवाज वर पळाला आणि काटा जाग्यावर राहिला की समजायचं क्लच प्लेटा बसल्या. त्याआधी क्लच केबल बघ, लिव्हरला थोडा फ्री प्ले (ढिलेपणा) पायजेच, ताणून ठेवली असशील तर क्लच कायम अर्धा दाबलेलाच राहतोय आणि प्लेटा जळत्यात. आणि एक विचारू का, ऑइल कुठलं घालतोस? माझ्याकडं दर महिन्याला एकतरी शहाणा येतोय ज्यानं घरात उरलेलं कारचं ऑइल बाईकला घातल्यालं असतंय. कारला क्लच ऑइलात नसतोय, बाईकला असतोय, कारच्या बऱ्याच ऑइलात घर्षण कमी करायचं औषध असतंय ते प्लेटांना लागलं की घसराय सुरू. डब्यावर जासो एमए (JASO MA, बाईकच्या ऑइलातल्या क्लचला चालणारं) लिहिल्यालं बघून घे.

मग डबल स्टँडला लाव आणि मागचं चाक हातानं फिरव. दोन-तीन फेरे मोकळं फिरलं पायजे, घासत थांबलं तर ब्रेक धरतोय. एअर फिल्टर, टॅपेट, चेन, टायरची हवा. एवढं करूनबी घाटात रडली तर मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन दातं मोठं टाक, चढ बरा घेती, हायवेला थोडी मार खाती, मायलेज जरा कमी. दोन-चार हजारात विषय संपतोय. नाहीतर दोन लाख हायतच की.

शिये फाटा

एवढं वाचत बसण्यापेक्षा घेऊन टाक की मर्दा. दसऱ्याला पूजा, खटक्यावर बोट जाग्यावर पलटी.

कसबा बावडा

मी आयटीआयला शिकवतो, जरा कडू बोलणार आहे, राग मानू नका. साडेतीन वर्षाची मुलगी मधी बसवता म्हणालात. २०२२ च्या केंद्राच्या नियमानं चार वर्षाखालचं मूल गाडीवर असलं तर त्याला हार्नेस (चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा) आणि हेल्मेट पाहिजे, आणि वेग ४० च्या वर न्यायचा नाही. म्हणजे ज्या ट्रिपसाठी तुम्ही ४०० सीसी बघताय त्याच ट्रिपला चाळीसचं बंधन आहे. आणि सहा महिन्यात ती चारची झाली की ती तिसरं माणूस, मग तर बसवताच येत नाही. घाट चढायचा प्रश्न तुमचा नाहीच, तिघांनी जायचं कशानं हा आहे. जुनी चारचाकी बघा, नाहीतर तुम्हाला मागं टाकून गेली त्याच एसटीत बसा.

बदलायचीच असेल तर ताकदीसाठी नको, ब्रेकसाठी बदला. तुमची २०१७ ची, मागं ड्रम ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. १ एप्रिल २०१९ पासनं १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं आहे. मी २०१८ च्या पावसात उजळाईवाडीजवळ बिनएबीएसच्या गाडीवर पडलोय, ६० ला होतो, समोर कुत्रं, पुढचा ब्रेक दाबला, चाक लॉक आणि मी रस्त्यावर. कॉलरबोन. त्यानंतर वर्गात पोरांना गणित घालतो, ८० वरनं १०० वर गेलात तर वेग सव्वापट पण थांबवायची ऊर्जा दीडपटीच्या वर. पोरं लिहून घेतात आणि बाहेर जाऊन फटाका सायलेन्सर लावतात.

फुलेवाडीकर

सगळ्यांना धन्यवाद, उशीर झाला उत्तर द्यायला. उद्यमनगरवाल्या दादांचं ऐकून रविवारी कळंब्याच्या पुढं मोकळ्या रस्त्याला चौथ्यात थ्रॉटल दिला. आवाज पळाला, काटा ढिम्म. प्लेटा खोलल्यावर काळ्या पडलेल्या, आणि हो, ऑइल कारचंच होतं, मेव्हण्याच्या गाडीचं उरलेलं. कोण हसू नका. प्लेटा, स्प्रिंगा, केबल, ऑइल सगळं मिळून अडीच हजाराच्या आत.

काल कणकवलीहून आलो. यावेळी मी आणि नारळच होतो, बायको आणि पोरगी आदल्या दिवशी एसटीनं आल्या, बावड्याच्या सरांचं वाचून दाखवल्यावर बायकोनं दुसरा पर्यायच ठेवला नाही. गाडी तिसऱ्यात चढली, दोन हेअरपिन सोडले तर. एकटा होतो म्हणून चढली का क्लचनं चढली ते आता कसं कळणार.

आणि खरं सांगू का, अडीच हजारात काम झालं तर आनंद व्हायला पाहिजे होता, पण दाजीपूरला चहाला थांबलो तर शेजारी एक हिमालयन बाईक येऊन थांबली आणि मी चहा निवेपर्यंत तीच बघालोय. आज परत शोरूमला जाऊन ३५० पार्किंगमधनं बंद करून ढकलून बघितली, सेल्समन म्हणालाय साहेब चालवायची नाही का. एक्स्चेंजला बावीस हजार म्हणतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही.

शिये फाटा

बावीसला देऊ नकोस. आमच्या भावजींना पाहिजे, पंचवीस देतील. क्लच नवीन टाकलाय म्हणालास न्हवं?