नुसतं समोरासमोर बसवून काय होणार?

कुणीतरी म्हटलंय, भांडलेल्या दोघांना एकत्र बसवा, सहवासाने जवळीक येतेच. अर्धंच पटलं. वारंवार दिसणारं आवडू लागतं हे झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं खरं, पण आधीच मनात अढी असेल तर ते चालेलच असं नाही.

१९५४ साली मुझफर शेरीफ या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ओक्लाहोमातल्या शिबिरात मुलांचे दोन गट करून स्पर्धा लावल्या (म्हणजे भांडण लावणारे संशोधकच!). मग एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी एकमेकांवर अन्नच फेकलं. वैर ओसरलं ते बंद झालेल्या पाण्याचा बिघाड सगळ्यांनी मिळून शोधल्यावर आणि अडलेला ट्रक मिळून दोरीने ओढल्यावर, तेही हळूहळू. त्यामुळे मी तरी समेटाची बैठक घेणार नाही. एकट्याने न उरकणारं काम दोघांवर सोपवेन.