अनुभव धागा: परिस्थितीनं तुमचं लिहिणं घडवलं की अडवलं?

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंची शाळा दीड दिवसाची. घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहिलं. हालांनी लेखक घडतो, असं आपण सहज म्हणतो. पण 1969 साली ते गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती, हे सांगायचं राहून जातं. सातारा-सांगलीकडच्या लिहिणाऱ्यांनो, तुमचं कसं झालं?

तासगाव, द्राक्षबाग
मी कविता करतो. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की वही बंद. बाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागला तर घडकूज, ढगाळ हवेत डावणी, म्हणजे पानांवर-घडांवर पडणारा बुरशीचा रोग. रात्री दोनलासुद्धा ब्लोअर घेऊन फवारणीला जावं लागतं. तेव्हा डोक्यात ओळ येते, पण हात औषधानं माखलेले. सकाळपर्यंत ती जाते. एका वर्षी अवकाळीनं सगळा माल गेला. लोक म्हणाले, आता चांगली कविता होईल. झाली नाही. दीड वर्ष एक ओळ सुचली नाही, डोक्यात फक्त सोसायटीच्या कर्जाचा हप्ता. पुढच्या साली माल बरा विकला गेला, हप्ता भागला, मग त्या पावसावर लिहिता आलं. कवितेला दुःखाइतकीच थोडी उसंतही लागते, एवढं मला कळलंय.

सांगली, गावभाग
2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. माळ्यावर चढवायच्या घाईत धान्य, गॅस, कागदपत्रं वर गेली. अकरा कथांच्या वह्या खालच्या कपाटात राहिल्या. पाणी ओसरल्यावर पानं चिकटून विटेसारखी झालेली. सात कथा आठवणीतून पुन्हा लिहिल्या. त्या आखूड झाल्या, आणि खरं सांगते, चांगल्या झाल्या. उरलेल्या चारांसाठी मात्र अजून जीव तुटतो. त्यांतली एक आईवर होती.

कोरेगाव
सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. दुपारी त्यांचा डोळा लागला की वीस मिनिटं मिळतात. कादंबरीचं मनात आहे, हातून चार ओळींची टिपणं होतात.

सातारा, निवृत्त
माझं उलटं. नोकरीत असताना फलटणच्या गाडीत उभ्यानं लिहायचो. आता टेबल आहे, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, पेन्शन वेळेवर येते. तीन वर्षांत एक कथा पुरी झाली नाही. परवा उगीचच फलटणच्या एसटीत बसून आलो. येताना दोन पानं झाली.