मदत हवी आहे: बटरशिवाय हलका लिंबू केक, तळाशी रबरासारखा थर बसतोय

अनुजा_कोपरखैरणे
रविवारी केक द्यायचा आहे, कृपया लवकर सांगा. नेहमीच्या बटर केकच्या कृतीत बटरऐवजी तेवढंच तेल घालते. आत असताना छान फुगतो, बाहेर काढला की दहा मिनिटांत बसतो. कापल्यावर तळाशी बोटभर जाडीचा ओलसर, रबरासारखा थर दिसतो. लिंबाचा वास जवळजवळ नाही, उलट मागून कडवट लागतं. तापमान आणि वेळ कृतीत दिल्याप्रमाणेच ठेवते. बटर चालणार नाही. नेमकं काय बदलू?

पीठमीठ
कृती कुठली ते लिहिलंच नाही. अंडी आहेत का, किती? मैदा कपाने घेता की वजनाने? साचा कसला, केवढा? ओव्हन कोणता? लिंबाचा रस किती, आणि साल घालता का? एवढं कळल्याशिवाय कोणीही सांगेल तो अंदाजच असेल.

शुभदा_नौपाडा
अंड्याच्या भानगडीत पडूच नका. दह्याचा करा, कधीच बसत नाही. १ कप ताजं घट्ट दही, पाऊण कप पिठीसाखर, अर्धा कप तेल, दीड कप मैदा, सव्वा टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून खायचा सोडा, १ टेबलस्पून लिंबाचा रस आणि दोन लिंबांची किसलेली साल. दह्यात साखर विरघळवून त्यात सोडा आणि बेकिंग पावडर घाला, पाच मिनिटं फसफसू द्या. मग तेल, रस, साल आणि शेवटी चाळलेला मैदा. १८० वर ३५ ते ४० मिनिटं.

निरंजन_वाशी
शुभदाताई, कृती बरोबर आहे, पण तो केक मऊ होतो, हलका नाही. त्यांनी हलका विचारलाय.

अनुजाताई, मुळात बटरच्या जागी तेवढंच तेल हे गणितच चुकतं. १०० ग्रॅम बटरमध्ये साधारण ८० ग्रॅम स्निग्धांश असतो, उरलेल्यात बहुतेक पाणी. तेल म्हणजे निव्वळ स्निग्धांश. म्हणजे तुमच्या केकमध्ये स्निग्धांश वाढतो आणि पाणी घटतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बटर आणि साखर फेटताना साखरेचे कण बटरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे कोंडतात आणि केक त्या बुडबुड्यांवर फुगतो. तेल पातळ असल्यामुळे हवा धरत नाही. म्हणून तेलाच्या केकला हवा दुसरीकडून आणावी लागते, एकतर सोड्याने किंवा अंड्याच्या पांढऱ्याने. हलकेपणा हवा असेल तर पांढरं वेगळं फेटून करायचा तेलाचा केक, म्हणजे चिफॉन, हाच मार्ग.

अनुजा_कोपरखैरणे
अंडी चालतात. ४ घेते. मैदा कपाने. नॉनस्टिक गोल टिन, ७ इंची. ओव्हन आहे. रस पाव कप, साल किसून घालते. दही नको, दूधही नको.

पीठमीठ
"ओव्हन आहे" म्हणजे ओटीजी (रॉडने तापणारा छोटा ओव्हन) की कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह (पंख्याने गरम हवा फिरवणारा)? दोन्हींतली उष्णता वेगवेगळ्या ठिकाणाहून येते. आणि दूध का नको? आवड म्हणून की तब्येतीमुळे?

केळफूल
बटर नको म्हणजे साजूक तूप चालेल ना? तूप थोडं गोठलेलं घेऊन साखरेबरोबर फेटलं की पांढरंशुभ्र होतं, नानकटाईला करतो तसं. हवा छान धरतं.

अनुजा_कोपरखैरणे
तूप नको. भाच्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, सात वर्षांचा आहे. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, २८ लिटरचा.

शुभदा_नौपाडा
मग लॅक्टोज-फ्री दूध मिळतं, त्याचं दही लावा.

निरंजन_वाशी
नको, अजिबात नको. लॅक्टोज न पचणं आणि दुधाची अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅक्टोज ही दुधातली साखर, ती न पचल्याने पोट बिघडतं. अ‍ॅलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते आणि लॅक्टोज-फ्री दुधात ती प्रथिनं जशीच्या तशी असतात. तुपातही थोडी उरू शकतात. मार्गारिन घेतलं तरी काहींत दुधाची पावडर असते. प्रत्येक पाकिटावरची अ‍ॅलर्जीची ओळ वाचा, बेकिंग पावडरच्या डब्यावरचीही. मिक्सरचं भांडं, बीटरची पाती, चाळणी आणि लाकडी उलथनं हे सगळं गरम पाणी व साबणाने धुऊन घ्या. लाकडी उलथन्याच्या भेगांत तूप बसलेलं असतं, ते या केकला वापरूच नका.

शुभदा_नौपाडा
हे पहिल्या पोस्टमध्येच हवं होतं. माझी कृती बाजूला ठेवा मग.

गावदेवी_मैदान
लिंबं किती महाग झालीत सध्या! ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यालासुद्धा हात लावू देत नाहीत.

सीवूड्सकर
उन्हाळ्यात दरवर्षी हेच. कागदी लिंबाचे तीन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम: आंबे, मृग आणि हस्त. उन्हाळ्यात विकायला येतं ते हस्त बहाराचं फळ. तो बहार धरणं सगळ्यात अवघड, म्हणून माल कमी, आणि मागणी नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त. वाशीच्या मार्केटमध्ये आवक वाढली की उतरतील.

पीठमीठ
लिंबाच्या भावाचा वेगळा धागा काढा.

अनुजाताई, एक प्रश्न राहिला. टिन आत कशावर ठेवता? फिरत्या काचेच्या ताटलीवर की जाळीच्या स्टँडवर?

अनुजा_कोपरखैरणे
काचेच्या ताटलीवर. स्टँड ग्रिलसाठी असतो ना?

पीठमीठ
तिथेच बराचसा घोळ आहे. कन्व्हेक्शनमध्ये गरम हवा मागून किंवा वरून पंख्याने फिरते, खाली ओटीजीसारखा तापणारा रॉड बहुतेक मॉडेलमध्ये नसतो. टिन काचेवर चिकटून बसला की तळाला हवा मिळत नाही. वरचा भाग शिजून उभा राहतो, खालचा कच्चा राहतो. बाहेर काढल्यावर वरचं वजन त्या कच्च्या भागावर येतं आणि तो दबून रबर होतो. ओव्हनबरोबर दोन स्टँड येतात, त्यातला बुटका घ्या. उंच स्टँड ग्रिलचा, त्यावर केक वरून करपेल. आणि मोड फक्त कन्व्हेक्शन. कॉम्बी लावला तर मायक्रोवेव्हही चालू होतो, तो या केकला नकोच.

प्रीहीटची शिट्टी झाली तरी आणखी दहा मिनिटं रिकामा तापू द्या, स्टँड आतच ठेवून. शिट्टी हवेच्या तापमानाला होते, भिंती आणि काच तेव्हा थंडच असतात.

निरंजन_वाशी
बरोबर, पण फक्त स्टँडने सुटणार नाही. पाव कप रस आणि जास्तीचं तेल हेही तळाशी उतरतंच. ७ इंची आणि ३ इंच उंच टिनसाठी प्रमाण देतो. वजनकाटा वापरा, कपात मैदा दाबून भरला की २०-३० ग्रॅम सहज जास्त जातो.

बलकाचं मिश्रण: ४ बलक, २० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम तेल, ३० मिली लिंबाचा रस, २० मिली पाणी, ३ लिंबांची साल, चिमूट मीठ, ७० ग्रॅम मैदा, १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, अर्धा टीस्पून बेकिंग पावडर.
पांढऱ्याचं: ४ अंड्यांचं पांढरं, ६० ग्रॅम साखर, अर्धा टीस्पून लिंबाचा रस.

साखर मिक्सरमधून काढा, आपल्याकडची जाड साखर पांढऱ्यात लवकर विरघळत नाही. तेल सूर्यफुलाचं किंवा राइस ब्रान. घाण्याचं शेंगदाणा तेल घेतलंत तर लिंबू हरवेल.

वास रसात फारसा नसतो, तो सालीतल्या तेलात असतो. रस वाढवून आंबटपणा वाढतो, वास नाही. साल २० ग्रॅम साखरेत टाकून बोटांनी चोळा, साखर ओलसर होऊन वास सुटेपर्यंत. कागदी लिंबाची साल फार पातळ असते, किसणीवर एका जागी एकदाच फिरवा. पांढरा भाग आला की कडू झालंच. हिरवट लिंबं नकोत, पिवळी झालेली घ्या आणि कोमट पाण्याने चोळून धुवा.

आता त्या साखरेत बलक, मग तेल थेंबाथेंबाने सुरुवात करून फेटा, रस आणि पाणी नंतर. तेल वेगळं तरंगताना दिसलं तर पुढे जाऊ नका, एकजीव होईस्तोवर फेटा. न मिसळलेलं तेल पांढऱ्यातली हवा मोडतं आणि खाली बसतं. मैदा, कॉर्नफ्लोअर आणि बेकिंग पावडर दोनदा चाळून घाला, गुठळ्या मोडण्यापुरतंच ढवळा.

पांढरं स्टीलच्या कोरड्या भांड्यात फेटा, प्लॅस्टिक तेलकटपणा धरून ठेवतं. बलकाचा थेंबही नको. फेस आला की रस, मग साखर तीन वेळा विभागून. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून शेंडा किंचित वाकला की थांबा. कापसासारखे गोळे झाले तर जास्त फेटलं गेलं, ते मिश्रणात नीट मिसळत नाही. तीन भागांत हलक्या हाताने खालून वर उचलत मिसळा.

१५५ वर ४० ते ४५ मिनिटं. पहिली ३० मिनिटं दार उघडू नका.

केळफूल
परदेशी कृतीत अंडी रूम टेंपरेचरला आणा म्हणतात, मी तसंच करते.

निरंजन_वाशी
त्यांचं रूम टेंपरेचर वीस-बावीस अंश. मे महिन्यात ठाण्यात किंवा नवी मुंबईत स्वयंपाकघर तेहतीस-चौतीसला असतं. फ्रिजमधून काढून लगेच पांढरं-बलक वेगळं करा, थंड असताना बलक फुटत नाही. थंडगार पांढरं फेटायला थोडा वेळ जास्त लागतो, पण फेस बारीक आणि टिकाऊ होतो.

सीवूड्सकर
चिफॉन केक १९२७ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॅरी बेकरने काढला. तेल वापरायची युक्ती त्याने वीस वर्षं कोणाला सांगितली नाही, १९४७ मध्ये जनरल मिल्स कंपनीला विकली.

पीठमीठ
निरंजन, टिनचं लिहिलंच नाही, आणि इथे नॉनस्टिक आहे. चिफॉन नॉनस्टिकमध्ये चालत नाही. तो कडेला धरून वर चढतो आणि उलटा लटकून थंड होतो. नॉनस्टिकला किंवा तेल लावलेल्या टिनला तो धरणार कुठे? साधा अ‍ॅल्युमिनियमचा टिन आणा. कडेला काही लावू नका, तळाला फक्त कागद.

निरंजन_वाशी
कागदही नको. उलटा केला की तळ कागदापासून सुटतो आणि मध्यभागी खड्डा पडतो. तळ वेगळा निघणारा टिन घ्या, कागदाची गरजच नाही.

पीठमीठ
मधे नळी असलेल्या टिनला हे खरं. साध्या गोल टिनमध्ये ७ इंचांपर्यंत केक कडांनीच धरला जातो, कागदाने फरक पडत नाही. आणि दुकानात तळ निघणारा मिळाला नाही तर कागदाशिवाय केक निघणार कसा?

निरंजन_वाशी
मिळाला तर तळ निघणारा, नाही मिळाला तर कागद. एवढं मान्य.

गावदेवी_मैदान
मायक्रोवेव्हपेक्षा कुकरमध्ये करा. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला वाटीभर मीठ, वर स्टँड, दहा मिनिटं तापवून मंद आचेवर ५० मिनिटं.

शुभदा_नौपाडा
कुकर कोणी विचारलाय? शिवाय त्यात वाफ कोंडते, वरचा भाग चिकट राहील. माझा प्रश्न वेगळा आहे. साध्या टिनमध्ये उलटा ठेवायचा म्हणजे केक ओट्याला टेकणार नाही का?

पीठमीठ
सारख्या उंचीच्या तीन वाट्या घ्या, टिनची कड त्यांवर टेकवा. खालून हवा खेळली पाहिजे. म्हणून टिन पाऊणच भरायचा, केक कडेच्या वर आला तर हे जमणार नाही. बाहेर काढल्याबरोबर टिन वीतभर उंचीवरून एकदा ओट्यावर टाका, आतली गरम वाफ निघते, मग लगेच उलटा. दोन तास हात लावायचा नाही. नंतर पातळ सुरी कडेला चिकटवून एकाच दिशेने फिरवा.

अनुजा_कोपरखैरणे
साधा टिन आणला, तळ निघणारा नव्हता, कागद घातला. बुटका स्टँड. बसला नाही. रबर नाही, वासही चांगला आला. पण वरून भेगा आणि रंग गडद. आणि रविवारी माणसं वाढली, ९ इंची टिनला प्रमाण किती?

पीठमीठ
भेगा म्हणजे वरचा भाग लवकर घट्ट झाला आणि आतलं नंतर फुगलं. तापमान १४५ ते १५०, वेळ पाच-सात मिनिटं जास्त. रंग धरला की तिसाव्या मिनिटानंतर वरून फॉइल सैल ठेवा, पंख्याने उडू नये म्हणून कडेला दुमडा.

९ इंचाला क्षेत्रफळ ७ इंचाच्या सुमारे १.६५ पट. ६ अंडी घ्या आणि बाकी सगळं दीडपट, उंची किंचित कमी येईल. पण ९ इंची गोल टिनमध्ये मधला भाग कडांपासून लांब पडतो, उलटा केल्यावर सुटू शकतो. नळीचा टिन नसेल तर त्यापेक्षा ७ इंचाचे दोन करा, एकामागून एक. दुसऱ्याचं पांढरं पहिला बाहेर निघायच्या दहा मिनिटं आधी फेटायला घ्या, आधीपासून फेटून ठेवलं तर पाणी सुटेल.

अनुजा_कोपरखैरणे
दोन करते. वर काही लावायचं असेल तर? क्रीम अर्थातच नाही.

केळफूल
१०० ग्रॅम आयसिंग शुगर, ३ ते ४ टीस्पून लिंबाचा रस, चमच्यावरून जाड धारेने पडेल इतपत. केक पूर्ण गार झाल्यावरच ओता, नाहीतर सगळं आत मुरेल.