साहित्यिक हॅलोविनचे ताट : नकली डोळे की पुस्तकातले जेवण?

धागाकर्ती : न्यू जर्सीतले आमचे वाचन मंडळ ३१ ऑक्टोबरला भयकथांतली पात्रे होऊन जमणार आहे. गेल्या वर्षी मी डबाबंद लिचीत ब्लूबेरी खोचून डोळे केले होते. तासाभरात रंग पाकात उतरला आणि कोणत्याही पुस्तकाशी काडीचा संबंध नसलेल्या जांभळट गोळ्या तेवढ्या उरल्या. यंदा पदार्थ पुस्तकातूनच घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’त पहिल्याच पानावर जेवण आहे : नायक जोनाथन हार्कर ट्रान्सिल्व्हेनियाच्या वाटेवर पॅप्रिका (लाल मिरचीची पूड) घातलेली कोंबडी खातो, वाग्दत्त वधू मीनासाठी पाककृती मिळवायची अशी नोंद रोजनिशीत करतो, आणि रात्री सुरईतले सगळे पाणी संपवूनही त्याची तहान भागत नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीला ममालिगा म्हणजे मक्याच्या पिठाची लापशी आणि खिमा भरलेली वांगी! पुढे गढीत रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युला त्याला भाजलेली कोंबडी वाढतो, पण स्वतः एक घासही घेत नाही. यजमान जेवत नाही, याहून भीतिदायक ताट कोणते असेल?

प्रतिसाद १ : असहमत. पॅप्रिका चिकन टेबलावर ठेवले तर पाहुण्यांना ते चिकनच दिसेल. त्यामागची भीती कळायला कादंबरी वाचलेली हवी, आणि सोबत येणाऱ्या मुलांनी ती वाचलेली नसते. शिवाय किळसवाणे खाणे हे काही बाजारू खूळ नव्हे. ‘मॅकबेथ’च्या चौथ्या अंकात चेटकिणी कढईत न्यूटचा (पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराचा) डोळा, बेडकाच्या पायाचे बोट आणि कुत्र्याची जीभ टाकतात, म्हणजे तुमच्या लिचीला थेट शेक्सपिअरचा आधार आहे. ब्लूबेरी आयत्या वेळी खोचा, एवढेच.

प्रतिसाद २ : मी धागाकर्तीच्या बाजूने आहे, कारण पुस्तकाकडे गेल्यावर शाकाहारी मंडळींचीही सोय होते. १८१८ सालच्या ‘फ्रँकेनस्टाइन’मधला तो प्राणी आपल्या निर्मात्याला स्पष्ट सांगतो की कोकरू किंवा करडू मारून मी पोट भरत नाही, ओकची फळे आणि रानबेरी मला पुरतात. ओकची फळे कच्ची कडू लागतात, त्यामुळे भाजलेले चेस्टनट ठेवावेत. एडगर अ‍ॅलन पोची ‘अमाँटिलाडो’ची कथा आठवून कोणी त्या नावाच्या शेरीची (एक प्रकारच्या वाइनची) बाटली आणणार असेल, तर त्या कथेत शेरीच्या आमिषाने तळघरात नेलेल्या फॉर्च्युनाटोला ती शेवटपर्यंत चाखायला मिळत नाही हे ध्यानात ठेवावे, बंद पिंप ठेवले तरी काम भागेल, आणि मुलांसमोर तेच बरे.

प्रतिसाद ३ : आपण नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचत मोठे झालो आणि ताटात मात्र ट्रान्सिल्व्हेनिया? मृतांना जेवू घालण्याची आपलीही रीत आहे. खीर, वडे ठेवा, आणि शेजारी एक कावळा.

प्रतिसाद १ : याला मात्र माझा सक्त विरोध आहे. खीर-वडे आमच्याकडे आजोबांच्या पानावर वाढले जातात, आणि कावळा शिवेपर्यंत घरात कोणी जेवत नाही; ते पान कोणाला घाबरवण्यासाठी नसते. धारपांची आठवण ठेवायची असेल तर जेवणानंतर दिवे मंद करून त्यांची एखादी कथा वाचा.

धागाकर्ती : खीर-वड्यांबाबत मी प्रतिसाद १ शी सहमत आहे, आणि कथावाचनही ठरले. मुलांसाठी लिची ठेवीन, पण ‘मॅकबेथ’चे नाव लावून काळ्या कढईतच. चिकनमागची भीती नुसती पुस्तकाच्या नावाची चिठ्ठी लावून कळणार नाही हेही मान्य. म्हणून त्याच्या शेजारी रिकामी सुरई आडवी ठेवीन आणि यजमानाच्या खुर्चीसमोरचे ताट कोरे राहील. त्या खुर्चीत कोण बसणार, तेवढे अजून ठरायचे आहे, कारण रात्रभर उपाशी राहायला मंडळातले कोणीच तयार नाही.